प्रश्न वाचकांचे : ग्राफीन घातलं, तरी वीज का वाहत नाही?

ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) आणि पॉलिमर (प्लास्टिक, रबर, इपॉक्सी वगैरे) यांच्या वीजवाहक मिश्रणांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेकांची अडचण फिरून फिरून एकाच ठिकाणी येते, म्हणून पहिल्या उत्तराला बरीच जागा दिली आहे. बाकीची उत्तरं त्याच्याच आधाराने लिहिली आहेत.

प्रश्न : इपॉक्सीत वजनाने २ टक्के ग्राफीन नॅनोप्लेटलेट (थोड्या थरांचे अतिसूक्ष्म चपटे पापुद्रे) घालून चकत्या ओतल्या. पुडीवर ‘जाडी ५ ते १० नॅनोमीटर, रुंदी ५ मायक्रॉन’ असं छापलं आहे. चकती काळीकुट्ट झाली, पण मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. शोधनिबंधांत तर ०.१ टक्क्यालाही वीज वाहते असं वाचलं. माझं चुकतंय कुठे?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आधी चकती घासा. साच्याला लागून असलेल्या बाजूवर शुद्ध इपॉक्सीची पातळ साय धरते आणि ती वीजरोधक असते. मल्टिमीटरचं टोक त्या सायीवरच टेकतं. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग ४०० नंबरने दोन्ही टोकं घासा, स्पिरिटने पुसा, चांदीचा वाहक रंग लावा, तो पूर्ण वाळू द्या आणि मग मोजा. ‘वाहत नाही’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी चकत्या निव्वळ या सायीमुळे नापास झालेल्या असतात.

तरीही काही मिळालं नाही, तर थोडा हिशोब करावा लागेल. ग्राफीनचा एक पापुद्रा विजेचा उत्तम वाहक आहे, पण इपॉक्सी वाहक नाही. वीज चकतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायची तर पापुद्रे एकमेकांना टेकलेले हवेत, किंवा त्यांच्यात जेमतेम काही नॅनोमीटरची फट हवी. तेवढी फट इलेक्ट्रॉन ओलांडतात, त्याहून मोठी नाही. म्हणून ग्राफीन थोडंथोडं वाढवत गेलं तर वाहकता हळूहळू वाढत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि एका प्रमाणाशी सलग साखळी जुळली की ती एकदम लाखो पटींनी उडी मारते. त्या प्रमाणाला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. तो ओलांडल्यावर मात्र चढण सौम्य होते. उंबरठ्याच्या वर जितकं ग्राफीन असेल, साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाहकता वाढते.

उंबरठा कुठे येईल हे पापुद्र्याच्या आकारावरून ठरतं. ढोबळ नियम असा : पातळ, गोल आणि वाटेल तशा पसरलेल्या पापुद्र्यांसाठी उंबरठ्याचं प्रमाण, तेही वजनाने नव्हे तर आकारमानाने, जाडी भागिले रुंदी याच्या जवळपास असतं. तुमच्या पुडीवरचे आकडे खरे धरू. जाडी ५ नॅनोमीटर, रुंदी ५,००० नॅनोमीटर, म्हणजे गुणोत्तर १ : १,००० आणि उंबरठा आकारमानाने ०.१ टक्का. पण चकतीत तेच पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक चिकटून १०० नॅनोमीटर जाडीचे गठ्ठे झाले असतील, तर गुणोत्तर १ : ५० वर येतं आणि उंबरठा २ टक्क्यांवर जातो.

आता वजनाचं आकारमान करा. ग्राफाइटची घनता २.२ आणि इपॉक्सीची सुमारे १.१६. १०० ग्रॅम मिश्रणात २ ग्रॅम ग्राफीन म्हणजे ०.९१ घन सेंटिमीटर, आणि ९८ ग्रॅम इपॉक्सी म्हणजे ८४.५ घन सेंटिमीटर. वजनाचे २ टक्के आकारमानाने १.०६ टक्केच भरले. गठ्ठ्यांच्या चकतीला लागतात २ टक्के, म्हणजे वजनाने सुमारे ३.७. तुम्ही उंबरठ्याच्या अर्ध्यावर थांबलात.

०.१ टक्क्याचा जो आकडा तुम्ही वाचलात तो बहुधा २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या पॉलिस्टायरीनच्या कामाचा असावा. तो खरा आहे, पण तिथला माल आणि रीत दोन्ही वेगळी होती. ग्राफीन ऑक्साइडला आधी फेनिल आयसोसायनेटची प्रक्रिया करून ते द्रावकात एकेका थरापर्यंत सुटं केलं होतं, आणि पॉलिमर त्याच द्रावणात असताना ऑक्साइडचं क्षपण केलं होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढला होता. थर पुन्हा चिकटण्याआधीच पॉलिमर त्यांच्या मधे आलेला होता. वाळलेली पुडी इपॉक्सीत ढवळून तो आकडा मिळत नाही.

पुडीवरच्या छापील आकड्यांवरही फार विसंबू नका. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने जगभरच्या ६० उत्पादकांचे नमुने तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक नमुन्यांत दहा थरांपर्यंतचं खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी होतं, आणि एकाही नमुन्यात ते निम्म्याहून जास्त नव्हतं. बाकी सगळं बारीक ग्राफाइट. त्याने काम होत नाही असं नाही, पण मग गणित गठ्ठ्याच्या जाडीने करावं लागतं. शंका असेल तर पुडीतला चिमूटभर माल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘सैफ’ या सुविधेत बाहेरच्या संस्थांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात.

आता कृती. ५० ग्रॅम रेझिन आणि ५ ग्रॅम हार्डनर धरू. एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर या जोडीला १०० ला १० हे प्रमाण वापरतात, तुमची जोडी वेगळी असेल तर डब्यावरचं प्रमाण घ्या. वजनाने ४ टक्क्यांसाठी २.३ ग्रॅम ग्राफीन लागेल. ते २५० मिलि अॅसिटोनमध्ये घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये एक तास ठेवा. बाथच्या पाण्यात बर्फाचे तुकडे टाकत राहा, नाहीतर अॅसिटोन उडून जातं. मग रेझिन घालून आणखी अर्धा तास. ग्राफीन आधी पातळ द्रावकात ओलं होणं महत्त्वाचं आहे. दाट रेझिनमध्ये कोरडी पुडी टाकली की पिठल्यात बेसन थेट उकळत्या पाण्यात पडल्यासारखं होतं, बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या धरतात, आणि नंतर कितीही घोटलं तरी त्या फुटत नाहीत.

अॅसिटोन उडवायला धूरपेटीत (फ्यूम हूडमध्ये) ६० अंश सेल्सिअसवर ढवळत राहा. ज्योत किंवा उघडी कॉइल जवळ नको. दाट झालं की रात्रभर ७० अंशांवर निर्वात ओव्हनमध्ये ठेवा. डोळ्याने ‘वाळलं’ म्हणू नका, वजन करा. चंचुपात्राचं वजन वजा करून ५२.३ ग्रॅम उरले पाहिजेत, फार तर ०.१ ग्रॅम इकडेतिकडे. अॅसिटोन मागे राहिलं तर चकती मऊ राहते आणि आत बारीक पोकळ्या पडतात. मिश्रण खोलीच्या तापमानाला आलं की हार्डनर घाला, चार-पाच मिनिटं सावकाश घोटा, दहा मिनिटं निर्वातात ठेवून बुडबुडे काढा आणि ३ मिलिमीटरच्या साच्यात ओता. २४ तास खोलीच्या तापमानाला, मग ८० अंशांवर दोन-तीन तास.

शक्य असेल तर अॅसिटोन टाळून थ्री-रोल मिल गाठा. रंग आणि छपाईची शाई बनवणाऱ्यांकडे ती असते. रुळांमधली फट ५० मायक्रॉनवरून २०, १० आणि शेवटी ५ वर आणत चार-पाच वेळा काढलं की द्रावकाचा व्याप न करता गुठळ्या मोडतात. त्यांच्याकडचा हेगमन गेजही मागून घ्या. हार्डनर घालण्यापूर्वी एक थेंब त्यावर ओढला की मोठ्यात मोठी गुठळी किती मायक्रॉनची आहे ते दिसतं. गेज नसेल तर दोन काचपट्ट्यांमध्ये थेंब दाबून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

एक इशारा उलट दिशेचाही आहे. ‘अजून चांगलं पसरू दे’ म्हणून प्रोब सोनिकेटर (मिश्रणात दांडी बुडवून ध्वनिलहरी सोडणारं यंत्र) तासन् तास चालवला की पापुद्रे सुटे होण्याऐवजी तुटायला लागतात. ५ मायक्रॉनचा पापुद्रा १ मायक्रॉनचा झाला, तर उंबरठा पाचपट वर गेला. आणि प्रत्येक पापुद्र्याभोवती रेझिनचं पूर्ण वेष्टण बसलं, तर पसरण नजरेला सुंदर दिसते पण वीज वाहत नाही. सुटे करायचे आणि मग एकमेकांना टेकू द्यायचे, दोन्ही हवं. म्हणूनच एकच प्रमाण करून थांबू नका. २, ३, ४ आणि ६ टक्के अशा चार चकत्या एकाच दिवशी, एकाच रीतीने करा. उडी कुठे बसते ते कळलं की बाकीचं सोपं होतं. ६ टक्क्यांच्या पुढे रेझिन इतकं घट्ट होतं की बुडबुडे निघत नाहीत.

प्रश्न : बोटांची हालचाल मोजणाऱ्या हातमोज्यासाठी सिलिकॉन रबरात ग्राफीन मिसळून ताणपट्टी करायची आहे. पहिल्या प्रयत्नात रबर फेसाळलं, दुसऱ्यात पट्टी झाली पण दर वेळी वेगळा रोध दाखवते. प्रमाण आणि कृती द्याल का?
– भौतिकोपचाराच्या उपकरणांवर काम करणारा वाचक, नाशिक

उत्तर : बेस आणि हार्डनर १० : १ प्रमाणात लागणारं, प्लॅटिनमने जमणारं सिलिकॉन तुम्ही वापरत आहात असं धरतो. २० ग्रॅम बेस, २ ग्रॅम हार्डनर आणि २.४ ग्रॅम ग्राफीन नॅनोप्लेटलेट घ्या. हे वजनाने जवळपास १० टक्के होतं आणि आकारमानाने सुमारे ५. पापुद्रे शक्यतो १५ ते २५ मायक्रॉन रुंदीचे निवडा.

ग्राफीन १५० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर बाथमध्ये ठेवा, पाणी ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्यात फक्त बेस घाला, हार्डनर अजून नाही. धूरपेटीत ७० अंशांवर ढवळत अल्कोहोल उडवा आणि वजन २२.४ ग्रॅमवर स्थिर होईपर्यंत थांबा. तुमचा फेस इथेच आला असणार. हार्डनरमध्ये सिलिकॉनला जोडलेला हायड्रोजन असतो. प्लॅटिनमच्या सान्निध्यात तो उरलेल्या अल्कोहोलशी जुळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. तो फेस निर्वाताने जात नाही, कारण रबर जमेपर्यंत वायू तयार होतच राहतो. अल्कोहोल पूर्ण काढणं हाच इलाज.

मग हार्डनर घालून पाच मिनिटं घोटा, अर्धा तास निर्वातात ठेवा, १ मिलिमीटर उंचीच्या चौकटीत सपाट पात्याने पसरा आणि ८० अंशांवर दोन तास जमवा. पट्टी चिकट राहिली तर प्लॅटिनमला कशाने तरी मारलं असं समजा. गंधक, अमाइन आणि कथिलाची संयुगं ते करतात. लॅटेक्सचे हातमोजे घालून काम केलं असेल तर नायट्राइलचे घ्या. ग्राफीन ऑक्साइडपासून क्षपण करून केलेल्या मालात सल्फ्युरिक आम्लातलं गंधक मागे राहिलेलं असू शकतं, त्यामुळे या कामासाठी ग्राफाइट सोलून केलेला मालच घ्यावा.

जोडणीची जागा ओतण्यापूर्वीच तयार करा. तांब्याच्या बारीक जाळीचे तुकडे किंवा स्टीलचा वाहक धागा चौकटीच्या दोन्ही टोकांना ठेवून त्यावर मिश्रण ओता. वरून लावलेला चांदीचा रंग पहिल्या ताणातच तडकतो, आणि मगर-चिमटा पट्टी चेपतो तसा रोध बदलतो. तुमचे बदलते आकडे निम्मे तरी चिमट्याचे असावेत.

उरलेले निम्मे पट्टीचेच आहेत. नव्या पट्टीतली पापुद्र्यांची साखळी पहिल्या काही ताणांत तुटते आणि नव्याने जुळते, म्हणून मोजण्याआधी पट्टी २० टक्के ताणून सोडणं असं वीसेक वेळा करा. त्यानंतरही ताणून धरल्यावर रोध काही सेकंद हळूहळू उतरत राहील, आणि ताणतानाचा व सोडतानाचा आलेख एकमेकांवर बसणार नाही. हा रबराचा स्वभाव आहे, तो प्रोग्रॅममध्ये धरावा लागतो.

अंदाजासाठी : ५० मिलिमीटर लांब, १० रुंद, १ जाड पट्टीचा रोध ५ किलोओहम भरला, तर वाहकता १ सीमेन्स प्रति मीटर झाली. ५० किलोओहम असेल तर ०.१. ताणपट्टीसाठी दुसरा आकडा अधिक सोयीचा, कारण उंबरठ्याच्या थोडंच वर असलेलं मिश्रण ताणाला जास्त हलतं. प्रमाण ८, १० आणि १२ टक्के करून पाहा. उंबरठ्याला फार खेटून गेलात तर संवेदनशीलता वाढते पण संकेत थरथरतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये २०१६ साली ग्राफीन आणि अत्यंत मऊ सिलिकॉन पुटीच्या मिश्रणात ताणाच्या तुलनेत रोधातला बदल ५०० पटींहून जास्त मिळाला, तर धातूच्या साध्या स्ट्रेन गेजमध्ये तो २ च्या आसपास असतो. पण ती पुटी आकार धरून राहत नाही. हातमोज्याला जमलेलं रबरच हवं.

प्रश्न : तोच नमुना सकाळी ३ किलोओहम, दुपारी ९, आणि मेगरवर (वीजरोधन तपासायच्या यंत्रावर) तिसराच आकडा. कोणता लिहायचा?
– तंत्रनिकेतनातील प्रयोगशाळा साहाय्यक, लातूर

उत्तर : यांपैकी एकही नको. दोन टोकांनी मोजताना तारेच्या टोकाशी होणारा संपर्करोध नमुन्याच्या रोधात मिसळतो, आणि टोक दाबण्याचा जोर बदलला की तोही बदलतो. चार टोकांनी मोजा. पट्टीवर चांदीच्या रंगाच्या चार आडव्या रेघा ओढा, बाहेरच्या दोन्हींतून १ मिलिअँपिअर सोडा आणि आतल्या दोन्हींमधला विद्युतदाब मोजा. आतल्या रेघांत ३० मिलिमीटर अंतर, पट्टी १० रुंद आणि २ जाड, दाब १.५ व्होल्ट आला असं धरू. रोध १,५०० ओहम. छेद २० चौरस मिलिमीटर. रोधकता १ ओहम-मीटर, वाहकता १ सीमेन्स प्रति मीटर. मग प्रवाह निम्मा करा. दाबही निम्मा झाला तर आकडा विश्वासाचा. नाही झाला, तर एकतर नमुना तापतोय किंवा मिश्रण उंबरठ्यालगत आहे आणि इलेक्ट्रॉन फटी ओलांडत आहेत. अशा वेळी आकड्यासोबत दाबही लिहावा.

मेगर ५०० व्होल्ट देतो. एवढ्या दाबाला पापुद्र्यांमधल्या फटीतलं पॉलिमर फुटून नवी वाट पडू शकते, आणि त्यानंतर तो नमुना पूर्वीचा राहत नाही. मेगर शेवटी वापरा किंवा वापरूच नका. तापमान आणि हवेतली आर्द्रता वहीत रोज टिपत चला, सकाळ-दुपारचा फरक बऱ्याच अंशी तिथे सापडेल.

प्रश्न : यूट्यूबवर पाहून घरच्या घरी सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटने ग्राफीन ऑक्साइड करायचा विचार आहे. किंवा मिक्सरमध्ये पेन्सिलचं शिसं आणि भांड्यांचा साबण घालून ग्राफीन निघतं म्हणतात. कोणतं सोपं?
– बारावीचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : पहिलं घरी करू नका. ही १९५८ साली प्रसिद्ध झालेली हमर्सची रीत आहे आणि प्रयोगशाळांत ती रोज होते, पण बर्फाच्या कुंडात आणि देखरेखीखाली. तीव्र सल्फ्युरिक आम्लात परमँगनेट पडलं की मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं, आणि ५५ अंशांच्या वर ते स्फोटक आहे. परमँगनेट एकदम पडलं, किंवा शेवटी पाणी घाईने ओतलं, तर तेवढं तापमान क्षणात गाठलं जातं. नीट न धुतलेलं, पोटॅशियमचे क्षार उरलेलं ग्राफीन ऑक्साइड वाळवून तापवलं तर तेही भपकन जळतं. शिवाय एवढा खटाटोप करून हाती येतो तो वीजरोधक. ग्राफीन ऑक्साइड वाहक नाही, क्षपण केल्यावर ते वाहक होतं.

ही रसायनक्रिया डोळ्यांनी पाहायची असेल, तर ग्राफीन ऑक्साइडचं तयार पातळ द्रावण कॉलेजमार्फत मागवा आणि कॉलेजच्याच प्रयोगशाळेत करा. ते मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकं पातळ करायचं, प्रत्येक मिलिग्रॅमला १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घालायचं आणि ९५ अंशांवर तासभर ठेवायचं. तपकिरी द्रावण काळं होतं. त्यात आधीच थोडं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल विरघळवलेलं असेल तर काळे पापुद्रे गोळा होऊन तळाशी बसत नाहीत, आणि द्रावण वाळवल्यावर सरळ फिल्म मिळते. पुस्तकांत क्षपणासाठी हायड्रॅझिन दिसेल. ते विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

मिक्सरची गोष्ट मात्र खरी आहे. ट्रिनिटी कॉलेजच्याच गटाने २०१४ मध्ये दाखवलं की पात्याजवळ द्रवाचे थर पुरेशा वेगाने एकमेकांवरून घसरले तर ग्राफाइट सोललं जातं, आणि स्वयंपाकघरातल्या ब्लेंडरमध्येही ते होतं. पण भांड्यातला बहुतेक भाग न सोललेलं ग्राफाइटच असतो, तो अपकेंद्री यंत्राने वेगळा करावा लागतो. साबण पापुद्र्यांना चिकटून राहतो आणि साबण वाहक नाही. पेन्सिलच्या शिशात मातीही असते, म्हणून ग्राफाइटची पूडच घ्यावी. शिकायला हा प्रयोग छान आहे. फक्त तो मिक्सर परत स्वयंपाकाला वापरू नका.

प्रश्न : पॉलिप्रॉपिलीनचे ट्रे बनवतो, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी. कार्बन ब्लॅकच्या (काजळीसारख्या कार्बन पुडीच्या) ट्रेची काळी पूड सुटते म्हणून गिऱ्हाईक ग्राफीन मागतंय. ७ टक्के ग्राफीनचा कंपाउंड आणला. पुरवठादाराने दिलेली दाबलेली पट्टी वाहक आहे, आमचा ट्रे नाही. माल बदलून दिलाय का?
– लघुउद्योजक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तसं म्हणण्यापूर्वी एक चाचणी करा. नापास ट्रेचा तुकडा कापून हॉट प्रेसमध्ये २०० अंशांवर दहा मिनिटं दाबा आणि सावकाश थंड करून मोजा. वाहकता परत आली तर माल ठीक आहे, दोष मोल्डिंगचा. बहुधा तसंच निघेल.

इंजेक्शनच्या वेगात चपटे पापुद्रे प्रवाहाच्या दिशेला आडवे होतात आणि एकमेकांपासून दुरावतात. थंड साच्याला लागलेला थर त्याच स्थितीत गोठतो आणि वर पॉलिमरची कातडी राहते. तुकडा पुन्हा वितळला की पापुद्र्यांना हलायला सवड मिळते आणि साखळी परत जुळते. म्हणून साच्याचं तापमान ६०-७० अंशांपर्यंत वाढवा, इंजेक्शनचा वेग कमी करा, वितळलेल्या मालाचं तापमान २३० च्या आसपास ठेवा आणि गेट अरुंद असेल तर मोठं करा. सायकल लांबेल, ते दरात धरा. मागचा प्रेशर आणि स्क्रूचा वेग विनाकारण चढवू नका, पापुद्रे तुटतात. भरड दळून पुन्हा वापरलेल्या मालात वाहकता दर फेरीला उतरते, तेही लक्षात असू द्या.

आता मूळ प्रश्न, ग्राफीन हवंच का? आमचं स्पष्ट मत : या ट्रेसाठी नको. स्थिरविद्युत हळूहळू वाहून जावी एवढ्यासाठी पृष्ठरोध १०,००० ओहम ते १०० अब्ज ओहम या पट्ट्यात असला की पुरतं. ती वाहकता कार्बन ब्लॅक स्वस्तात देतो, आणि त्याचे फांद्याफांद्यांचे कण मोल्डिंगनंतर पुन्हा चटकन जुळतात. पूड सुटते ती भरणा फार झाल्यामुळे. ती कमी करायची तर कार्बन नॅनोट्यूबचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकमध्ये आधीच दाट मिसळलेला माल, पाहा. २ ते ४ टक्क्यांत भागतं, कारण नळ्या लांब असतात आणि दिशा बदलली तरी एकमेकींना छेदतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये वितळवून मिसळलेल्या ग्राफीनला अनेकदा ५ ते १० टक्के लागतात, आणि उंबरठ्यालगतचा ट्रे आज पास, उद्या नापास होतो. ग्राफीनचे पापुद्रे खरे उपयोगी पडतात ते उष्णता वाहून न्यायची असेल किंवा वायू अडवायचा असेल तिथे.

कमी ग्राफीनमध्ये वाहक प्लास्टिक हवंच असेल तर एक वेगळी रीत आहे, पण ती दाबून करायच्या जाड पट्ट्यांसाठी. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची २० ग्रॅम पूड घ्या, ०.१ ते ०.२ ग्रॅम ग्राफीन इथेनॉलमध्ये पसरवून त्यात घाला, ढवळत इथेनॉल उडवा. प्रत्येक कण काळा माखला जातो. मग २०० अंशांवर, १० ते १५ मेगापास्कल दाबाखाली पंधरा मिनिटं. हे पॉलिइथिलीन वितळूनही वाहत नाही, त्यामुळे ग्राफीन विटांमधल्या चुन्यासारखं कणांच्या सीमांवरच राहतं आणि अर्ध्या-एक टक्क्यातही वीज वाहते. साधं एचडीपीई (उच्च घनतेचं पॉलिइथिलीन) घेतलं तर ते वाहतं आणि चुना विस्कटतो. ताण दिला तर पट्टी त्याच सीमांवर तुटते, तेव्हा भार घेणाऱ्या भागाला ही रीत नको.

कामगारांसाठी दोन गोष्टी. कोरडी पुडी उघडताना एन-९५ मास्क आणि स्थिर हवा, पंखा नको. आणि सांडलेली पूड ओल्या फडक्याने टिपा. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढली तर ती मोटरमध्ये शिरते, आणि ती वाहक आहे. नियंत्रण पॅनेलच्या जवळ तर पुडी उघडूच नये.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरसाठी ग्राफीन मिसळलेली पीएलए या प्लास्टिकची फिलामेंट (छपाईचा धागा) मिळते. तिने तांब्याच्या तारेचं काम होईल का?
– छंद म्हणून प्रिंटिंग करणारी वाचक, पणजी

उत्तर : होणार नाही. उत्तम प्रतीच्या अशा फिलामेंटची रोधकता ०.६ ओहम-सेंटिमीटर धरली, तर १.७५ मिलिमीटर जाडीच्या १० सेंटिमीटर तुकड्याचा रोध सुमारे २५० ओहम होतो. तेवढ्याच तांब्याचा एक ओहमचा हजारावा भागही नाही. छापल्यावर तो आणखी वाढतो, कारण दोन थरांमधला सांधा कच्चा असतो. उभ्या दिशेने रोध सर्वांत जास्त येतो, म्हणून वाट शक्यतो एकाच आडव्या थरात आखा. एलईडी पेटेल, स्पर्शाचं बटण होईल, मोटर फिरणार नाही आणि जबरदस्ती केली तर पीएलए मऊ होईल. ०.४ ऐवजी ०.६ मिलिमीटरचं कडक नोझल लावा आणि फिलामेंट ५० अंशांवर चार-सहा तास वाळवून घ्या. ओल राहिली तर पीएलएच्या साखळ्या नोझलमध्येच तुटतात, धागा बुडबुडतो आणि वाट मधेच खंडित होते. जोडणीसाठी तांब्याची तार सोल्डरिंग आयर्नने हलकी तापवून छापील वाटेत रुतवा. नुसती गुंडाळली तर संपर्करोधच बाकी सगळ्यापेक्षा मोठा निघतो.